तीन खाचांचे रोप

रोज सकाळी, चहाच्याही आधी, कलमवाला एका खुंटाची साल उचलून बघे, आणि ती उचलली जात नसे.

खुंट म्हणजे रानटी लिंबाची दीड वर्षाची रोपे. बोटाएवढी जाड, काटेरी, कशालाही न घाबरणारी. त्यांच्या सालीला उभी-आडवी चीर द्यायची, चाकूच्या मागच्या टोकाला बसवलेल्या चपट्या हाडाने साल दोन्ही बाजूंनी सोडवायची आणि त्या ओल्या, उघड्या जागेत मोसंबीचा एक डोळा, म्हणजे काडीवरून कापलेला न फुटलेला कोंब, सरकवून वर पट्टी गुंडाळायची. काम एवढेच. पण साल सुटायला खुंटात रस चढावा लागतो, रस चढायला मुळांना पाणी लागते, आणि या वर्षी विहिरीत पाण्यापेक्षा विहीरच जास्त होती. महिनाभर कोरडा वारा एकाच दिशेने वाहत होता. आठशे खुंट ओळीने उभे होते आणि त्यांची साल लाकडाला घट्ट धरून बसली होती, जणू कोणी त्यांच्याकडून काही मागून नेणार होते. डोळे भरायचे दिवस वर्षातून दहा-बारा. ते हुकले की पुढच्या वर्षी फाटकावर गिऱ्हाइकाला दाखवायला नुसते काटे.

"सुटली?" आत्या ओट्यावरून विचारी.

"नाही."

"मग चहा घे."

आत्या ही कलमवाल्याची थोरली बहीण. तिला सगळे घर आत्या म्हणे. फक्त कलमवाला अक्का म्हणे आणि त्याची बायको वन्सं. फाटकावरची विक्री आत्याकडे, पाणी आणि विहीर बायकोकडे, चाकू कलमवाल्याकडे, आणि शाळेतून आल्यावर दुसरा चाकू मुलीकडे. चौघांच्याही डाव्या अंगठ्यावर चाकूने काढलेल्या बारीक रेघांचे जाळे होते. मुलीच्या अंगठ्यावर रेघा सर्वांत कमी होत्या आणि दिवसाला डोळे सर्वांत जास्त. तिने भरलेल्या दहांतले नऊ लागत. कलमवाला हे कोणाला सांगत नसे. फक्त तिचा चाकू तो आपल्या चाकूच्या आधी पाजळून ठेवी.

मुलीला डॉक्टर व्हायचे होते. शाळेचे शेवटचे वर्ष होते.

वारा सुरू होण्याआधी एका दुपारी तिच्या जीवशास्त्राच्या बाई रोपवाटिकेत आल्या. उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून त्यांनी कागद पसरला.

"सहा कॉलेजांत अर्ज करू. दोन अवघड, दोन हिच्या बरोबरीची, दोन हमखास."

कलमवाल्याने मान वर केली. आतापर्यंत तो आपण ऐकत नाही असे दाखवत होता. "म्हणजे मर धरून."

"काय धरून?"

"शंभर रोपं हवी असली की आम्ही सव्वाशे लावतो. काही मरतातच."

बाईंनी ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतले. "हो," त्या म्हणाल्या. "अगदी तसंच. मर धरून."

प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी लागत होत्या. शाळेचे शिफारसपत्र, दवाखान्यात चाळीस तास हाताखाली काम केल्याचा दाखला, आणि स्वतः लिहिलेला अर्ज. सहा कॉलेजांच्या तारखा वेगळ्या, नियम वेगळे. बाईंनी सगळे एका कागदावर मांडून दिले. तो कागद आठवडाभरात झारीखाली सापडला तेव्हा त्याच्या तारखा एकमेकींत विरघळल्या होत्या. बाईंनी दुसरा दिला. तो वाऱ्याने विहिरीत नेला. आईने वाकून पाहिले. तो पाण्यावर पसरून पडला होता, आणि एवढ्या कमी पाण्यावरही त्याला तरंगायला जागा होती.

"कागद हे आपल्याकडे टिकणारं जनावर नव्हे," आत्या म्हणाली.

तेव्हा कलमवाल्याने तेलाच्या जुन्या डब्याचा पत्रा कापला. रोपवाटिकेत प्रत्येक रोपाला पत्र्याचा बिल्ला बांधतात, त्यावर खिळ्याने ठोकून तारीख उमटवतात. पाऊस, ऊन, कीड, कशानेही ती जात नाही. पुढे रोप जसजसे वाढते तसतशा बिल्ल्याच्या कडेला कात्रीने खाचा पाडतात: डोळा भरला की एक, डोळा फुटला की दोन, रोप तयार झाले की तीन. कलमवाल्याने गेल्या वर्षीची सहा रोपे निवडून विहिरीच्या वाटेवर ओळीने मांडली. जाता-येता सगळ्यांच्या पायात यावीत अशी. एकेकाला एकेका कॉलेजचा बिल्ला बांधला.

"शाळेचं पत्र मिळालं की पहिली खाच," तो मुलीला म्हणाला. "दवाखान्याचा दाखला आला की दुसरी. अर्ज गेला की तिसरी. रोज पाणी घालताना दिसेल काय राहिलंय ते."

"बाबा, हे फोनमध्ये पण ठेवता येतं."

"ठेव की. फोनला पाणी कोण घालतं?"

त्याची एक जुनी सवय होती आणि तिचा त्याला अभिमान होता. पत्र्यावर टाकले की डोक्यातून काढायचे. डोके हे काही बिल्ले अडकवायचे झाड नव्हे, असे त्याचे म्हणणे. म्हणून त्याला दहा हजार रोपांचा हिशोब विचारला तर तो म्हणे, "जाऊन वाच."

दिवस गेले. मुलगी शाळा सुटल्यावर दवाखान्यात जाई, जखमा धुवायचे पाणी उकळी, म्हाताऱ्यांना जिन्यावरून धरून आणी, आणि घरी येऊन तासभर खुंटांच्या बुडातले काटे छाटी. चाळीस तास भरले. सहाही बिल्ल्यांवर दुसरी खाच पडली, मग एकेक करून तिसरी. वारा वाहतच राहिला. आईने पाण्याचे माप ठरवून दिले: खुंटाला पाव डबा, तयार रोपाला अर्धा, दिवसाआड. सगळ्या रोपवाटिकेची पाने कडेने वळू लागली. कॉलेजांची सहा रोपे तेवढी ताठ उभी होती. त्यांची पाने अशी चमकत होती की जाणारा-येणारा थांबून विचारी, ही कोणती नवी जात.

मग नकार यायला लागले. दोन अवघड कॉलेजांतल्या एकाने नाही म्हटले. बरोबरीच्या एकाने नाही म्हटले, दुसऱ्याने प्रतीक्षायादीत टाकले. हमखास म्हणवल्या गेलेल्या दोन्हींनीही प्रतीक्षायादीच दाखवली.

"मर जरा जास्तच झाली, बाबा," मुलगी म्हणाली. ती हे हसत म्हणाली, आणि मग मागे जाऊन बराच वेळ खुंटांचे काटे छाटत राहिली, छाटायला उरले नव्हते तरी.

नकार आलेल्या रोपांचे पाणी कोणी बंद केले नाही.

आता एकच कॉलेज उरले होते. घरापासून एस्टीने अडीच तासांवरचे, मोठ्या इस्पितळाला जोडलेले, मुलीला पहिल्यापासून हवे होते ते. तिथे मुलाखत होई, आणि मुलाखतीचा दिवस ते फोन करून कळवत. तो कळला नसता तर डॉक्टरकी इथेच, या विहिरीच्या वाटेवर संपली असती.

फोन आला तेव्हा मुलगी शाळेत होती आणि आई विहिरीतला गाळ वर ओढत होती. घरातला फोन कलमवाल्याने उचलला. पलीकडचा आवाज घाईत होता. तारीख, वेळ, खोली. कार्यालय उद्यापासून चार दिवस बंद आहे, मुलाखती मात्र होतील, थेट या. कलमवाल्याने सगळे दोनदा म्हणून दाखवले. मग बाहेर जाऊन त्या रोपाचा बिल्ला सोडला, दगडावर उलटा ठेवला, मागच्या कोऱ्या बाजूवर खिळ्याने सगळे ठोकले आणि बिल्ला पुन्हा बांधला.

त्या संध्याकाळी विहिरीवरची मोटर बंद पडली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो डोळ्यांच्या काड्या आणायला दूरच्या बागेत गेला आणि दिवस मावळताना परत आला. जेवताना मुलगी म्हणाली, "बाईंनी विचारलं आज. अजून फोन नाही आला."

"आला की," कलमवाला म्हणाला. "काल आला. बिल्ल्यावर आहे."

ती ताटावरून उठली. मागोमाग सगळे उठले. विहिरीच्या वाटेवर पाच रोपे होती. सहाव्याच्या जागी मातीवर पिशवीच्या बुडाचा गोल, ओलसर डाग होता.

"इथलं रोप?"

"ते होय," आत्या म्हणाली. "गेलं. सकाळी मधवाली आली होती, चाळीस रोपं घेऊन गेली टेम्पोतून. एकोणचाळीस मी काढून दिली. चाळिसावं तिनं स्वतः बोट दाखवून घेतलं. म्हणाली, अख्ख्या रोपवाटिकेत पोटभर जेवलेलं एवढंच दिसतंय."

"अक्का, ते कॉलेज होतं."

"तीन खाचा होत्या त्याला. तीन खाचा म्हणजे तयार. मी जन्मभर तेच बघत आले. आणि पाडल्यास तूच."

वारा उरलेल्या पाच रोपांवरून गेला.

"वार तरी आठवतो का?" आईने विचारले.

"पत्र्यावर टाकलं होतं."

"अहो, आठवून बघा."

त्याने आठवून पाहिले. ते बघणे फार अवघड होते. रिकाम्या खिशात हात घालून माणूस उभा राहावा तसा तो उभा होता. "नऊ होता कशात तरी," तो अखेर म्हणाला.

मुलीने कॉलेजला फोन लावला. ध्वनिमुद्रित बाईने गोड आवाजात कार्यालय बंद असल्याचे सांगितले. तिने मेल पाठवला. तत्काळ उत्तर आले की आपल्या पत्राला पाच कामाच्या दिवसांत उत्तर दिले जाईल.

"पण मला एक कळत नाही," आई म्हणाली. "अर्धा डबा, दिवसाआड. एवढ्यात पोटभर कसं जेवलं ते?"

आत्याने पदर सारखा केला. "मी येता-जाता टाकायचे थोडं. तांब्यातलं उरलेलं."

"मी पण," मुलगी म्हणाली. "शाळेच्या बाटलीतलं."

आई म्हणाली, "भांडी विसळलेलं मी कुठे टाकणार होते दुसरीकडे?"

तिघींनी कलमवाल्याकडे पाहिले. तो खाली वाकून त्या गोल डागाची माती उगीच सारखी करत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणि मुलगी स्कूटरवरून मधवालीकडे निघाले. अठरा किलोमीटरचा कच्चा रस्ता. मधवाली म्हणजे रुंद हाडाची, पांढरे कपडे घातलेली, सावकाश बोलणारी बाई. तिच्या मोसंबीच्या नव्या ओळी पाणी पिऊन उभ्या होत्या, आणि एकाही रोपाला बिल्ला नव्हता.

"काढले मी," ती म्हणाली. "उपयोगाचे होते. ते बघा."

पलीकडे माश्यांच्या पेट्या होत्या. पेट्यांच्या वर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोरी ताणलेली, आणि दोरीला चाळीस बिल्ले लटकत होते. वाऱ्यावर फिरत होते, उन्हात लकाकत होते, एकमेकांवर आपटून किणकिणत होते.

"वेडे राघू येतात. उडत्या माशा पकडून खातात मेले. चमकणारं काही दिसलं की जवळ येत नाहीत. पण आज नका जाऊ तिकडे. या वाऱ्यानं माझ्या पोरी चिडल्यात. उन्हं उतरली की जा."

"मुलाखत आज असली तर?" मुलगी म्हणाली. तोंडाची जाळी एकच होती. मधवाली ती आणायला आत गेली आणि मुलगी तिच्या मागे गेली. दोघी बाहेर आल्या तेव्हा कलमवाला दोरीखाली पोचला होता.

तो बिल्ले वाचत नव्हता. समोरच्या बाजूला सगळ्यांवरच तारखा होत्या. पण मागची बाजू एकाचीच ठोकलेली होती. म्हणून तो प्रत्येक बिल्ल्याच्या पाठीवरून डावा अंगठा फिरवत चालला होता. गुळगुळीत. गुळगुळीत. गुळगुळीत. रेघांनी भरलेला तो अंगठा आयुष्यभर साल कुठे सुटते ते शोधत आला होता. सव्विसाव्या की सत्ताविसाव्या बिल्ल्यावर त्याला खिळ्याचे टोचरे ठिपके लागले. त्याने गाठ सोडली. दोरी हलली, बाकीचे सगळे बिल्ले एकदम वाजले, आणि पेट्यांतून एक तपकिरी गुणगुण वर आली.

तो पळाला नाही. पळालो तर त्या जास्त येतील हे त्याला माहीत होते. तो सावकाश, मान खाली घालून, बिल्ला मुठीत धरून चालत आला, आणि येईपर्यंत त्याची डावी पापणी मिटून गेली होती.

मुलीने त्याला बाभळीखाली बसवले. तिने नखाने नांगी उपटली नाही. खिशातला चाकू काढून मागचे चपटे हाड त्वचेला लावले आणि साल उचलतात तसे हलकेच खरवडत गेली. मानेवरची, गालावरची, हातावरची, पापणीच्या अगदी कडेची. मधवाली कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"हिला कोणी शिकवलं हे?"

"दवाखान्यात सांगितलं होतं, चिमटीत धरायचं नाही म्हणून," मुलगी म्हणाली. "हाडाची युक्ती माझी."

मग तिने त्याच्या मुठीतून बिल्ला घेतला. तारीख उद्याची होती. वेळ साडेनऊ, खोली एकोणीस.

"दोनदा होता नऊ," कलमवाला समाधानाने म्हणाला.

"रोप परत हवंय का?" मधवालीने विचारले.

त्याने एका डोळ्याने ओळीकडे पाहिले. चाळिसावे रोप कुठले ते त्याला लांबूनही कळले. "नको. लागलंय ते आता."

परतताना स्कूटर मुलीने चालवली. तो मागे बसला.

"बाबा, बोलत राहा."

"का?"

"घसा सुजला तर आवाजावरून कळतं. जीभ जड वाटते?"

"नाही."

"छाती आवळते?"

"नाही."

"असं एकेक शब्दात नको. लांब बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

या माणसाला बोलायला सांगणे म्हणजे विहिरीला वर यायला सांगणे होते. पण रस्ता लांब होता आणि मुलगी मागे वळून बघू शकत नव्हती. तो मोटरविषयी बोलला. गाळाविषयी बोलला. ती आठ वर्षांची असताना तिने मोडलेल्या फांदीला स्वतःची केसांची रिबीन बांधली होती आणि ती फांदी जगली होती, हे त्याने सांगितले. ते झाड कोणते हेही त्याला आठवत होते, आणि त्याला कधी बिल्ला नव्हता. मग बराच वेळ तो गप्प बसला.

"बाबा."

"आहे." तो खाकरला. "फोन ठेवला ना, तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. पत्र्यावर टाकलं, डोक्यातून काढलं. तारीख डोळे भरायच्या दिवसांतली होती. मनात आलं, दोन दिवसांनी सांगू. मोटर बिघडली हे खरं. पण ती दोन तासांत झाली होती. मी नंतरही विहिरीतच बसून राहिलो."

स्कूटर एका खड्ड्यातून हळूच उतरली आणि हळूच चढली.

"श्वास घ्यायला त्रास होतोय?" मुलीने विचारले.

"नाही. हे बोलायला होतोय."

"मग बोला."

घर येईपर्यंत तो बोलत राहिला.

सकाळी मुलगी केस विंचरत होती, कलमवाला एका डोळ्याने शर्टाची बटणे लावत होता, तेवढ्यात आत्या चाकू घेऊन दारात आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हते.

"साल सुटली," ती म्हणाली.

सगळे खुंटांकडे गेले. आत्याने चीर दिलेल्या जागी साल दोन्ही बाजूंनी आपसूक वळली होती, आणि आतले लाकूड पाण्यात धुतल्यासारखे चकाकत होते. महिनाभर ज्याची वाट पाहिली ते असे अगदी बिनआवाजाने आले होते. मुलीचा हात नकळत खिशाकडे गेला. कलमवाला तिच्या हाताकडे बघत होता.

"एस्टी चुकेल," तो म्हणाला.

"वारा असाच राहिला तर उद्या चिकटेल परत," मुलगी म्हणाली.

"चिकटेल. चल."

"वन्सं आणि मी भरतो," आई म्हणाली.

"तुझ्या हातचे दहांतले चार लागतात," कलमवाला म्हणाला.

"मग चार लागतील. निघा तुम्ही."

"आठशे डोळे लावायचेत," आत्या पदर खोचत म्हणाली, "आणि मालक आहे तोच एक मिटून चालला परगावी."

कॉलेजच्या फाटकावर गर्दी होती. इस्त्रीच्या कपड्यांतली मुले, त्यांच्यामागे फायली धरलेले आईबाप. रखवालदाराने कलमवाल्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हात लांब केला. "अपघात विभाग मागच्या बाजूनं."

"मी हिच्याबरोबर आलोय. हिची..."

"पेशंट मागच्या बाजूनं, मामा. पुढे गर्दी करू नका."

पांढऱ्या गणवेशातल्या एका बाईने त्याचा दंड धरला आणि चाकाच्या खुर्चीत बसवले. गणवेशासमोर कलमवाल्याचे तोंड कधी उघडत नसे. त्याने वळून मुलीकडे पाहिले, खुर्ची निघालीसुद्धा. मुलगी एकटीच जिना चढली. दोन रांगा एकमेकींपासून लांब गेल्या.

एकोणीस नंबरच्या खोलीत तिघे होते. मधल्या खुर्चीतल्या वृद्ध डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिले.

"डॉक्टर का व्हायचंय तुला?"

बाईंनी पाठ करून घेतलेले उत्तर मुलीने सुरू केले. दुसऱ्या वाक्यावर डॉक्टरीणबाईंनी हात वर केला.

"मघाशी फाटकात तुझ्याबरोबर होते ते कोण? डोळा सुजलेले."

"माझे वडील. माश्या चावल्या काल."

"किती?"

"सात. सहा नांग्या मी लगेच काढल्या. सातवी कानामागे केसांत होती, ती आज सकाळी सापडली."

"म्हणजे चुकली."

"हो. चुकली. मी नुसतं बघितलं होतं. केसांतून बोट फिरवायला हवं होतं."

उजवीकडच्या गृहस्थांनी लिहिणे थांबवले. "कशानं काढल्या?"

तिने खिशाला हात लावला. चाकू घरी आत्याच्या हातात होता. मग तिने डावा तळहात टेबलावर ठेवला आणि उजव्या हाताच्या नखाने, अंगठ्यावरच्या रेघांवरून, साल कशी उचलतात ते करून दाखवले. तिघेही वाकून बघत होते.

"आणि घसा सुजत नाही ना, हे कसं पाहिलंस?"

"बोलायला लावलं. घरापर्यंत, अठरा किलोमीटर. अडचण एवढीच होती की बाबा एरवी बोलतच नाहीत, मग आवाज बदलला तर मला कळणार कसा?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "आणि बोलले?"

"बोलले."

"काय बोलले एवढं?"

मुलीने टेबलावरचा हात मागे घेतला. खिडकीबाहेर तोच कोरडा वारा होता.

"ते नाही सांगता येणार," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिले. लांब नव्हते, एक-दोन शब्द असावेत.

अपघात विभागात कलमवाला बाकावर बसला होता. डोळ्यावर बर्फाची पिशवी आणि हातात नंबराची चिठ्ठी.

"उठा बाबा. झालं."

"थांब, छत्तीस झाले. माझा एकेचाळीस आहे."

"तुम्हाला काही झालेलं नाही."

"तू अजून डॉक्टर नाहीस," तो म्हणाला, पण उठला. दारापर्यंत गेल्यावर त्याने विचारले, "काय विचारलं त्यांनी?"

"तुमची तब्येत."

तो थेट एस्टीपर्यंत यावर विचार करत होता.

दुपारी घरी पोचले तेव्हा आत्या आणि आई खुंटांच्या ओळींमध्ये बसून सरकत होत्या. दोघींच्या गुडघ्यांखाली पोते, दोघींच्या अंगठ्यांवर ताजे रक्त. सत्तर झाले होते. मुलीने बाहेरचे कपडे बदलले, चाकू घेतला आणि तिसऱ्या ओळीला बसली. कलमवाला तिच्यामागे बसला आणि एका डोळ्याने पट्ट्या बांधत राहिला. उजेड होता तोवर कोणी उठले नाही. साल पाच दिवस सुटलेली राहिली, आणि सहाव्या दिवशी पुन्हा चिकटली. साडेसहाशे डोळे भरून झाले होते. आईच्या हातचे त्या वर्षी दहांतले सात लागले. ती ते पुढे सगळ्यांना सांगत असे.

पत्र महिन्याभराने आले. आत्याने ते दोन बोटांत धरून थेट घरात नेले, विहिरीकडच्या वाटेने नेले नाही. मुलीने वाचले, आईने वाचले, बाईंना फोन करून वाचून दाखवले. कलमवाल्याने शेवटी हातात घेतले आणि नेहमीच्या सवयीने कात्री शोधू लागला.

"चौथी खाच नसते," आत्या म्हणाली.

"माहीत आहे मला."

मुलगी गेली त्या सकाळी तिच्या ट्रंकेच्या कडीला तो बिल्ला बांधलेला होता. एका बाजूला कॉलेज आणि तीन खाचा, दुसऱ्या बाजूला तारीख, साडेनऊ, खोली एकोणीस. एस्टी धुळीत दिसेनाशी झाली. तिघे परत आले आणि दिवसभर प्रत्येकाला दुसऱ्यापासून लांबचे काहीतरी काम निघाले.

विहिरीच्या वाटेवरची उरलेली पाच रोपे तोवर विकली गेली होती. मातीवर सहा गोल डाग राहिले होते. पाच कोरडे, पांढरे पडलेले, कडा विरत चाललेल्या. आठवड्याने एका सकाळी आत्या तांब्या घेऊन त्या वाटेने आली आणि थांबली. सहावा डाग काळाभोर ओला होता. कलमवाला झारी घेऊन पाठमोरा उभा होता.

"इथे काय आहे रे?"

"कुठे? काही नाही."

"मग ओलं कसं?"

"झारी गळते."

आत्याने झारीकडे पाहिले. झारी गेल्याच महिन्यात नवीन आणली होती. मागे भांडी विसळून झाली होती आणि कलमवाल्याची बायको पाण्याचे पातेले दोन्ही हातांनी धरून याच वाटेने येत होती. दोघांना पाहून ती जागच्या जागी उभी राहिली.

आत्याने तांब्या कलता केला. उरलेले घोटभर पाणी त्या रिकाम्या गोलावर पडले आणि मातीने ते लगेच आत घेतले.

"माझापण गळतो," ती म्हणाली, आणि खुंटांच्या ओळीकडे चालू लागली.